सपाटीवर बसणारा कुत्रा

शहरातल्या चौसष्ट लिफ्ट ज्यांनी पस्तीस वर्षं चालत्या ठेवल्या, ते मिस्त्री स्वतः मात्र जन्मभर जिन्यानेच चढले. त्याला इलाज नव्हता. लिफ्ट बंद पडल्याशिवाय मिस्त्रीला कोणी बोलावत नाही आणि बंद लिफ्टची मशीनरूम असते थेट गच्चीवर. सगळं जग बटण दाबून वर जात असताना हे घरी. आणि लिफ्ट रुसली की हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून हे सात-सात मजले पायी. या धंद्याने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक, तरबेज कान. दाराबाहेर उभं राहून नुसत्या आवाजावरून ते सांगत, बेअरिंग गेलंय की दोर कोरडा पडलाय. आणि दुसरी, डाव्या गुडघ्याचं दुखणं.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. राहायला ते तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती. ओळखीपाळखीचे लोक यावर हमखास हसायचे. मिस्त्री म्हणायचे, "मिठाईवाला घरी रोज मिठाई खातो का?" आणि विषय संपवायचे. खोल्या दोनच, पण डोक्यावर गच्ची होती आणि गच्चीच्या कोपऱ्यात मालकांच्या परवानगीने उभी केलेली पत्र्याची शेड. तिच्यात एक जाडजूड टेबल, पाने, पक्कड, जुनी बटणं, पितळी घंटा, असा संसार. शेडच्या दारात उभं राहिलं की निम्मं शहर दिसायचं. पाहुणा आला की मिस्त्री त्याला वर नेत आणि बोट करत.

"ती पिवळी टाकी दिसते? तिथली माझी. तिच्या डावीकडची, अँटेनावाली? तीही माझीच."

पाहुण्याला वाटायचं, माणूस मोठा मालदार दिसतोय.

त्यांची बायको मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत, आणि खुशीत असले की मिस्त्रीही. कर्ण्यावरून ती डॉक्टरांना हाक मारायची तेव्हा तिचं वाक्य सावकाश सुरू होऊन, कुठेही न अडखळता, लांबलचक वळणं घेत मुक्कामाला पोचायचं. घरातही तीच तऱ्हा. "अहो, ती निळी पिशवी, जी काल तुम्ही दाराच्या मागे लावली आणि मग कुठे ठेवली म्हणून मलाच विचारत बसलात, ती घेऊन जरा खाली जाता का?" हे सगळं एका दमात.

गेल्या वर्षभरात मात्र तिची वाक्यं आखूड झाली होती. "पिशवी आणा." "दार लावा." "नंतर सांगते." मिस्त्रींनी त्याचा साधासरळ अर्थ काढला : बाईसाहेब आपल्यावर नाराज आहेत. निवृत्त नवरा दिवसभर घरात म्हटल्यावर कोणती बायको खूश राहील? ते गुपचूप गच्चीवर जाऊन बसू लागले.

तिसरा मेंबर ब्रेक. एका अर्धवट इमारतीत लिफ्टसाठी खणलेल्या खड्ड्यात हे पिल्लू पडलं होतं. मिस्त्रींनी ते काढलं, कोटात घालून घरी आणलं. नाव ठेवताना अंदाज साफ चुकला. हा तपकिरी, एक कान मोडलेला प्राणी एकदा सुटला की कशालाच थांबत नसे.

अशात तळमजल्यावरच्या टायपिस्टबाई कायमच्या भावाकडे राहायला निघाल्या. घरमालक वर येऊन म्हणाले, "मिस्त्री, खालची जागा घेता का? तेवढ्याच दोन खोल्या, मागे छोटं अंगण. तुमच्या गुडघ्याला बरं. सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरं माणूस तयार आहे."

मिस्त्री नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "घेतो म्हणा."

मालक गेल्यावर मिस्त्रींनी आवाज चढवला. "घेतो म्हणा? मला विचारलंस?"

"गुडघा बघा तुमचा."

"माझ्या गुडघ्याचं मी बघतो. अगं, पस्तीस वर्षं ज्याने लोकांना वर नेलं, तो आता स्वतः खाली जाऊन बसणार? लोक काय म्हणतील?"

"लोक तुमच्यासाठी चढणारेत?"

"आणि माझी शेड?"

ऑपरेटरबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मिस्त्रींना वाटलं, झालं, पुन्हा फुगल्या. मग त्यांना एक नामी कल्पना सुचली.

लग्नानंतर दर पावसाळ्यात एकदा दोघं डोंगरातल्या धबधब्यावर जात. दोन तासांची वाट, आणि शेवटी दगडात खोदलेल्या दोनेकशे पायऱ्या. गेली दोन वर्षं हा नेम चुकला होता. कारण एकच सांगितलं जायचं, यांचा गुडघा.

"रविवारी धबधब्यावर जाऊ," मिस्त्री म्हणाले. "मी वरपर्यंत पोचलो तर या घरातून हलायचं नाही. मध्येच बसलो, तर सोमवारी स्वतः जाऊन मालकांना हो म्हणतो. बोल, आहे कबूल?"

ऑपरेटरबाईंनी नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "पहिल्या पंधरा पायऱ्यांत बसाल."

"कबूल का ते सांग."

"कबूल."

तिला माहीत नव्हतं, की यंदा धबधब्याचा नेम चुकवायचा नाही म्हणून मिस्त्री तीन आठवड्यांपासून चोरून तयारी करत होते. दुखरा पाय नेमका कसा टाकायचा हे त्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नवव्या मजल्यावर चढून-उतरून बसवलं होतं. त्या इमारतीची लिफ्ट उत्तम चालू होती. वॉचमनने डोक्यावर परिणाम झाला असावा अशा नजरेने पाहिलं, पण विचारलं नाही.

रविवारी पहाटेपासून पाऊस लागला होता. रिमझिम वगैरे नाही, चांगला तासभर विचार करून आल्यासारखा. बसमध्ये कुत्रा घेत नाहीत म्हणून मिस्त्रींनी डेअरीच्या टेम्पोवाल्याला गाठलं होतं. हा इसम एकदा दह्याच्या आठ क्रेटसकट दोन तास लिफ्टमध्ये अडकला होता, आणि मिस्त्रींनी त्याला बाहेर काढलं होतं. तेव्हापासून तो कुठेही न्यायला तयार असे.

"या पावसात धबधबा?" तो म्हणाला. "मिस्त्री, नळ सोडून आंघोळ करा ना घरी!"

"पैज आहे."

"कोणाशी?"

मिस्त्रींनी हनुवटीने शेजारी दाखवलं. टेम्पोवाल्याने ऑपरेटरबाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. "मग तुम्ही हरलात. लवकर आलो असतो परत न्यायला, पण तुम्हाला वेळ लागेल. दुपारी येतो."

ब्रेकला पाऊस मंजूर नव्हता. टेम्पोतून उतरताच तो पुन्हा टेम्पोत चढला. पुन्हा उतरवला, तर चाकाखाली शिरला. शेवटी ऑपरेटरबाईंनी पिशवीतलं उकडलेलं अंडं काढून दाखवलं, तेव्हा वाट चालू लागली. पुढे कुत्रा, मागे मिस्त्री, त्यांच्यामागे छत्री धरून बाई.

डोंगर नुसता हिरवा नव्हता, ओला होऊन फुगला होता. वाटेवरून पाणी असं धावत होतं, की वाट कुठली आणि ओढा कुठला ते पायाला विचारावं लागे. वाट सौम्य चढाची होती. मिस्त्रींचा गुडघा शहाण्यासारखा वागत होता आणि त्यांची जीभ सैल सुटली होती.

"आठवतं? पहिल्यांदा आलो तेव्हा तू माझ्या पुढे होतीस. वर पोचून माझ्यावर पाणी उडवलंस."

"हो."

"मी घसरलो होतो या इथेच. तू हसलीस. मदत नाही केलीस."

"हो."

"नुसतं हो काय? काहीतरी बोल की."

"चाला."

मिस्त्रींनी खांदे उडवले. हरायची वेळ आली की माणूस गप्प होणारच.

दोन तासांची वाट तीन तासांवर गेली, कारण बाई सारख्या थांबत होत्या. कधी छत्री उलटली, कधी चपलेचा बंद. एकदा एक रानफूल बघायला थांबल्या. पस्तीस वर्षांत त्यांनी फुलाकडे ढुंकून पाहिल्याचं मिस्त्रींना आठवत नव्हतं. पण ते खुशीत होते. थांबू दे. आपल्या गुडघ्याला तेवढाच आराम.

मग पायऱ्या आल्या. धबधबा दिसत नव्हता, पण आवाज येत होता, दूरवर एखादी भली मोठी मोटर चालू असावी तसा. पंधरा-वीस पायऱ्या, मग चार पावलांची सपाटी, पुन्हा पायऱ्या, अशी त्यांची रचना. मिस्त्रींनी गुडघ्यावरचा पट्टा आवळला, काठी टेकली आणि ब्रेकची साखळी हातात घेतली.

पहिल्या सपाटीवर ब्रेक बसला.

"ऊठ रे." ब्रेक उठेना. मागून बाई आल्या, दगडाला हात टेकून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी पाऊल उचललं. ब्रेक उठला.

दुसऱ्या सपाटीवर तेच. कुत्र्याने ढुंगण टेकलं, तोंड मागे वळवलं आणि वाट बघत राहिला.

"याला झालंय काय? जो रस्त्यात मोटारीला थांबत नाही, तो इथे बसतोय! दमला का?"

"दमला असेल," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या सपाटीवर मिस्त्रींनी मुद्दाम ओढून पाहिलं. ब्रेक चार पाय रोवून बसला. त्याच्या जिभेवरून कळत होतं, की तो दमलेला मुळीच नाही. त्याला फक्त इथे बसायचं असतं हे माहीत होतं. कोणीतरी शिकवल्यासारखं. सपाट जागा आली की बसायचं, मागचं माणूस येईपर्यंत.

मिस्त्री उभेच राहिले. सपाट जागा. जिन्यावरच्या सपाट जागा. ब्रेकला फिरवून वर नेहमी बायकोच आणायची. मग पहिल्या मजल्यावर खिडकीतून रस्ता बघत उभी राहायची. दुसऱ्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाईंशी गप्पा. मिस्त्री वरून ओरडायचे, "झाल्या का सभा संपवून?" दिवसाला एकदाच खाली जाऊन सगळं सामान एकदम आणायची. "नंतर सांगते." "दार लावा."

त्यांनी मागे वळून तोंड पाहिलं नाही. फक्त पावसाची टोपी कानावरून मागे केली आणि डोळे मिटून ऐकलं, जसं बंद दाराबाहेर उभं राहून ऐकत तसं. धबधब्याचा आवाज बाजूला काढला. पावसाचा बाजूला काढला. मग उरलेला आवाज नीट ऐकू आला. आखूड, वरच्या वर, मध्येच अडकणारा. जास्तीचा भार कसाबसा ओढणाऱ्या मोटरचा. वर्षभर हा आवाज त्यांच्या घरात होता, आणि त्यांनी त्याला राग समजून गच्ची गाठली होती.

माणसाला अशा वेळी शहाणपण सुचतं तसंच वेडेपणही सुचतं. मिस्त्रींना दुसरं सुचलं. त्यांनी एकदम "आई गं!" म्हणून गुडघा धरला आणि सपाटीवर बसकण मारली.

"गेला! गुडघा गेला. संपलं. हरलो बुवा. उद्या मालकांना हो सांगतो. चल, इथूनच परत."

ऑपरेटरबाई जवळ आल्या. छत्री बाजूला ठेवली. त्यांचा श्वास जागेवर यायला वेळ लागला. तोवर त्या नवऱ्याच्या पायाकडे बघत होत्या.

"अहो."

"काय?"

"पट्टा डाव्या पायाला आहे."

मिस्त्रींनी खाली पाहिलं. दोन्ही हातांनी त्यांनी उजवा गुडघा घट्ट धरला होता. डाव्यावर तीन आठवड्यांच्या मेहनतीचा पट्टा निमूटपणे ओला होत होता.

मग बाईंच्या खांद्यांना हिसका बसला. मिस्त्रींना वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसताना दम लागत होता म्हणून थांबत होत्या, आणि थांबून पुन्हा हसत होत्या. ब्रेकला काय झालं कळेना. त्याने अंग झाडून दोघांनाही उरलंसुरलं भिजवलं.

"कधीपासून?" मिस्त्रींनी विचारलं.

"वर्ष झालं."

"डॉक्टर?"

"दाखवलं. आमच्याच इस्पितळात. गोळ्या चालू आहेत. घाबरण्यासारखं नाही म्हणाले. हृदय जरा आळशी झालंय. चाला, पण बेताने. जिने टाळा."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं," त्या दम घेत म्हणाल्या, "तर तुम्ही पाना घेऊन मला उघडून बसला असता."

"म्हणून माझ्या गुडघ्याच्या नावावर बिल फाडलंस?"

"तो होताच की दुखरा. आणि मला वाटलं, तुम्ही पंधरा पायऱ्यांत बसाल. मग परत जाऊ." त्या त्यांच्या शेजारी दगडावर टेकल्या. "तुमची ती शेड. रोज सकाळी तिथे उभे राहता तेव्हा बघते मी. माझ्यापायी सोडायला लावायची नव्हती. गुडघ्यापायी सोडली असती तर... तुमचं तुम्ही सोडलं असतं."

मिस्त्रींना रागवायचं होतं. चांगलं तोंडभर रागवायचं होतं. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि तिच्या हातात दिला. ती प्याली. उरलेला त्यांनी प्यायला. ब्रेकला अंडं मिळालं.

"चला परत," बाई म्हणाल्या.

"तुला जायचंय का परत? खरं सांग. छातीत दुखतंय? चक्कर?"

"नाही. नुसता दम. बसलं की बरं वाटतं." त्यांनी वर पाहिलं. "आवाज जवळ आलाय नाही?"

लिफ्टच्या धंद्यात एक नियम असतो. एक जण मशीनपाशी, दुसरा लिफ्टच्या टपावर. एकाने म्हणायचं "वर", दुसऱ्याने तेच परत म्हणायचं "वर", आणि मगच हात लावायचा. उत्तर आलं नाही, तर जगबुडी झाली तरी लिफ्ट हलवायची नाही. या नियमामुळे मिस्त्रींच्या हाताखाली पस्तीस वर्षांत कोणाचं बोटही गेलं नाही. घरीही त्यांनी हा नियम चालवला होता, "गॅस बंद?" "गॅस बंद." पूर्वी बाई त्याची चेष्टा करत, इस्पितळाच्या कर्ण्याच्या सुरात उत्तर देत.

"मी वर म्हणेन," मिस्त्री म्हणाले. "तू वर म्हटल्याशिवाय मी पाय उचलणार नाही. संध्याकाळ झाली तरी चालेल. आणि नको वाटलं, तर खाली म्हणायचं. लगेच खाली."

"टेम्पोवाला?"

"दोन तास दह्याबरोबर राहिलाय तो. थांबेल."

दहा पायऱ्या. थांबणं. श्वासाचा आवाज ऐकणं. "वर?" मग पावसात बराच वेळ काही नाही, आणि मग, "वर." आणखी दहा. सपाटीवर ब्रेक आधीच जाऊन बसलेला, परीक्षा घ्यायला बसलेल्या मास्तरासारखा. मिस्त्रींचा डावा गुडघा आता खरोखरीच कुरकुरत होता, पण त्याची दखल घ्यायला कोणाला सवड नव्हती. एकदा "वर?" ला उत्तर म्हणून नुसता हात हलला, तर मिस्त्री ठाम राहिले. "हात नाही. तोंडाने." आणि मागून फणकारा आला, "वर हो, वर!"

धबधबा दिसला. त्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येणं शक्य नव्हतं. पांढरं पाणी कड्यावरून असं कोसळत होतं, की पाऊस त्याच्यापुढे संकोचला होता. ऑपरेटरबाई लांबच, एका सपाट खडकावर बसल्या. मिस्त्री ओंजळ भरून आले. त्यांचा विचार साफ दिसत होता, पण वाटेतच ब्रेक पायात आला आणि ओंजळ त्यांच्याच शर्टावर रिकामी झाली. बाई हसल्या. मदत केली नाही.

मिस्त्री त्यांच्या कानाशी वाकले आणि ओरडले, "पोचलो! म्हणजे पैज मी जिंकली!"

"हो!"

"म्हणजे आता माझं ऐकायचं!"

"ऐकते! राहा वरच!"

"खाली जायचं! तळमजला! मी जिंकलोय, मी सांगतोय!"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण नियम म्हणजे नियम. मिस्त्रींनी कानाला हात लावला आणि वाट पाहिली. तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, "खाली!"

सोमवारी मिस्त्री मालकांकडे गेले. जागा घेतो म्हणाले, आणि एक अट घातली, शेड राहील. मालक म्हणाले, "गच्चीवर चढणार कोण?" मिस्त्री म्हणाले, "ज्याला चढता येतं तो."

आता ते रोज सकाळी बहात्तर पायऱ्या चढून वर जातात, डावा पाय सांभाळत, बरोबर ब्रेक. प्रत्येक मजल्यावरच्या सपाटीवर ब्रेक अजून बसतो आणि मागे वळून बघत राहतो. मागे कोणी नाही, हे त्याला पटवून देण्यात मिस्त्रींचा रोज थोडा वेळ जातो. शिकवणीवाल्या बाईंना वाटतं, तिथे उभं राहून ते कुत्र्याशी भांडतात.

शेडच्या दारात ते उभे राहतात. पिवळी टाकी, अँटेना, सगळं जागच्या जागी आहे का बघतात. मग खालून, अंगणातून, तीन मजले पार करून, एकही ठेच न लागता आवाज वर येतो :

"गच्चीवरचे मिस्त्री, जे दहा मिनिटांत येतो म्हणून गेले त्याला आता पाऊण तास झाला, त्यांनी कुत्र्यासकट आणि काल नेलेल्या माझ्या कात्रीसकट, चहा निवायच्या आत, खाली यावं!"

मिस्त्री वाक्य संपेपर्यंत ऐकतात. मधेच उत्तर देत नाहीत. मग कठड्यावरून वाकतात.

"खाली!"